एकोणिसाव्या शतकातील 'पंच' पत्रे आणि मराठी उपरोध

नांदेड शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर वसलेले देगलूर हे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषांच्या शेजाराचे गाव. गुंडामहाराजांच्या परंपरेमुळे वारकरी कीर्तनाच्या इतिहासात या गावाला मानाचे स्थान आहे आणि देगलूरकर मंडळींचे चक्रीभजन पंढरीच्या वाटेवर सर्वांच्या परिचयाचे आहे. कीर्तन-भारुडाच्या अशा वातावरणात वाढलेल्या श्रोत्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. बोलणारा जे बोलतो तेवढाच त्याचा अर्थ नसतो, हे तो लहानपणापासून जाणतो. एकनाथांच्या भारुडातील विंचू हा काम-क्रोधाचा विंचू असतो. सासरच्या माणसांचे गाऱ्हाणे सांगणारी स्त्री खरे पाहता संसारपाशाचे गाऱ्हाणे सांगत असते. श्रोते हसतात ते वरच्या अर्थाला, आणि घरी जाताना सोबत नेतात तो आतला अर्थ.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, ठाणे, पुणे येथून निघणाऱ्या नियतकालिकांनी राज्यकर्त्यांवर जी टीका केली, तिचे एक प्रभावी साधन हीच दुहेरी अर्थाची बोली होती. कधी ती चित्रातून प्रकट झाली, कधी उपरोधिक लेखातून. सरळ बोलणे हा जेव्हा गुन्हा ठरू लागला, तेव्हा वाकडे बोलण्याला महत्त्व आले. सरकारनेही मग या वाकड्या बोलण्याचा अर्थ लावण्यासाठी पगारी माणसे नेमली. लेखक, वाचक आणि सरकारी भाषांतरकार या तिघांच्या या झटापटीचा इतिहास उद्बोधक आहे आणि आजच्या वाचकालाही त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

'पंच' आला कोठून?

राजकीय व्यंगचित्राला नियमित नियतकालिकाचे घर प्रथम फ्रान्समध्ये मिळाले. शार्ल फिलिपाँ याने १८३२ मध्ये पॅरिस येथे 'ल शारिव्हारी' हे पत्र सुरू केले. राजा लुई फिलिप याचा चेहरा हळूहळू पेअर या फळात रूपांतरित होत जातो, हे त्याचे चित्र जगप्रसिद्ध आहे. त्याच्यावर खटला झाला, तेव्हा राजाचा चेहरा फळासारखा दिसत असेल तर दोष चित्रकाराचा कसा, असा त्याच्या बचावाचा रोख होता. लंडन येथे १८४१ मध्ये निघालेल्या 'पंच'ने आपल्या नावाखाली 'लंडन शारिव्हारी' असे उपनाम घेतले, ते या फ्रेंच पत्रावरूनच. इंग्रजीतील 'कार्टून' हा शब्द व्यंगचित्र या अर्थाने रूढ झाला तोही 'पंच'च्या १८४३ मधील अंकांपासून. तत्पूर्वी मोठ्या चित्राचा कच्चा आराखडा एवढाच त्याचा अर्थ होता.

इंग्रजी 'पंच' हे कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातील एका भांडखोर विदूषकाचे नाव. हिंदुस्थानात मात्र हे नाव येताच त्याला आपोआप दुसरा अर्थ चिकटला. येथील माणसाच्या दृष्टीने पंच म्हणजे गावकीच्या पारावर बसून निवाडा देणारा. परक्या विदूषकाला देशी भाषांत अशा रीतीने न्यायाधीशाचे आसन मिळाले. हसविणारा आणि निवाडा करणारा अशा दोन्ही भूमिका या एका अक्षरद्वयात सामावल्या. पुढील काळात गावोगावी इतक्या पत्रांनी आपल्या नावात 'पंच' हा शब्द का घेतला, याचे एक कारण या योगायोगात आहे.

आरंभीची पत्रे येथील इंग्रज वसाहतीच्या करमणुकीसाठी होती. १८५० मध्ये निघालेले 'दिल्ली स्केच बुक' आणि १८७२ मध्ये कलकत्त्यास निघालेले 'इंडियन शारिव्हारी' ही त्यांपैकी ठळक नावे. यांत थट्टा होई ती बहुधा हिंदी माणसाचीच : त्याच्या इंग्रजीची, पोशाखाची आणि नोकरीच्या अपेक्षांची. त्याला उत्तर म्हणून देशी पत्रे पुढे सरसावली. कलकत्त्यास १८७४ मध्ये प्राणनाथ दत्त यांचे बंगाली 'बसंतक' निघाले. लखनौ येथे मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ मध्ये 'अवध पंच' हे उर्दू साप्ताहिक काढले. अकबर इलाहाबादी यांच्यासारखे कवी त्यात लिहीत. या पत्राने सरकारला टोले लगावले, तसेच सर सय्यद अहमद खान यांच्या सुधारणांनाही सोडले नाही.

मुंबईचा पंचोबा

मुंबई शहरात ही परंपरा त्याही आधी सुरू झाली होती. १८५४ मध्ये येथे 'पारशी पंच' निघाला. त्याचेच पुढे 'हिंदी पंच' असे नामांतर झाले. हे साप्ताहिक गुजराती आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असे आणि बरजोरजी नौरोजी यांच्या संपादकत्वाखाली त्याला मोठी कीर्ती मिळाली. लंडनच्या 'पंच'चा विदूषक येथे 'पंचोबा' झाला. नावाच्या शेवटी लागलेला हा 'बा' मराठी कानाला किती घरगुती वाटतो, हे सांगावयास नको. विठोबा-खंडोबांच्या पंक्तीत या परक्या पाहुण्याला बसवून संपादकांनी त्याला मुंबईकर करून टाकले.

'हिंदी पंच'च्या चित्रांचे विशेष काम म्हणजे अमूर्त राजकीय कल्पनांना त्याने मानवी रूप दिले. राष्ट्रीय सभेची, म्हणजेच काँग्रेसची स्थापना १८८५ मध्ये मुंबईत झाली. सभा, ठराव, प्रतिनिधित्व या गोष्टी सामान्य वाचकाला नवीन होत्या. 'हिंदी पंच'ने राष्ट्रीय सभेला कधी लुगडे नेसलेल्या स्त्रीच्या, तर कधी पुराणातील प्रसंगाच्या रूपात उभे केले. जो वाचक ठरावाचा मसुदा वाचणार नाही, त्याला चित्र पाहताच कोण मागते आहे आणि कोण नाकारते आहे, हे समजू लागले. १८८६ ते १९०१ या काळातील राष्ट्रीय सभेविषयीच्या या चित्रांचा स्वतंत्र संग्रहही प्रसिद्ध झाला. विल्यम स्टेड यांच्या लंडनच्या 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज' या मासिकात 'हिंदी पंच'ची चित्रे उद्धृत केली जात. हिंदी माणूस इंग्रजी राज्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे इंग्लंडमधील वाचकाला त्यातून दिसे.

येथे हेही लक्षात घेतले पाहिजे की, 'हिंदी पंच'ची भूमिका नेमस्त होती. साम्राज्य उलथून टाकण्याची भाषा त्यात नव्हती. दिलेली वचने पाळा, एवढेच त्याचे मागणे असे. तथापि बलाढ्य अधिकाऱ्याला चार माणसांच्या हसण्याचा विषय करता येतो, ही जाणीव निर्माण होणे हीच त्या काळात मोठी गोष्ट होती.

चित्र महाग, शब्द स्वस्त

असे असूनही त्या काळच्या मराठी पत्रांत चित्रांपेक्षा शब्दांतील व्यंगच अधिक का आढळते, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी छपाईच्या तंत्रात आहे. मजकूर छापण्यासाठी शिशाचे खिळे जुळवीत. एकदा घेतलेले खिळे सोडून पुन्हा वापरता येत. चित्रासाठी मात्र दरवेळी नवीन मेहनत करावी लागे. लाकडी ठसा करावयाचा तर कठीण लाकडाच्या आडव्या कापावर चित्र काढून पांढरा राहावयाचा भाग कोरून काढावा लागे. हे काम कुशल कोरक्याला दिवसच्या दिवस पुरे.

दुसरा मार्ग शिळाछापाचा. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढीत. नंतर दगड ओला केला की चित्राचा तेलकट भाग पाणी झिडकारी आणि छपाईची शाई धरी. उरलेला ओला भाग शाई धरीत नसे. कागद दाबताच चित्र उमटे. यात हाताची रेघ जशीच्या तशी उतरे, हा मोठा फायदा होता. परंतु चित्र दगडावर उलटे काढावे लागे आणि खिळ्यांच्या मजकुराबरोबर ते एकाच दाबात छापता येत नसे. चित्राचे पान वेगळे छापून अंकात घालावे लागे. पुण्यात १८७८ मध्ये स्थापन झालेल्या चित्रशाळेने शिळाछापाच्या तंत्रावर देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे घरोघरी पोहोचविली. मात्र थोड्या वर्गणीदारांवर चालणाऱ्या साप्ताहिकाला दर आठवड्यास असा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून मराठी संपादकाने चित्र काढले ते शब्दांनी.

ठाण्याचा 'हिंदू पंच'

मराठीत पंच परंपरेचे नाव सांगणारे प्रमुख पत्र म्हणजे ठाण्याचे 'हिंदू पंच'. १८६६ मध्ये काशीनाथ विष्णू फडके यांनी ठाण्यास 'अरुणोदय' हे साप्ताहिक सुरू केले होते. त्यानंतर काही वर्षांतच 'हिंदू पंच' निघाले आणि मुंबईच्या इतक्या जवळ असूनही ठाणे हे मराठी वृत्तपत्रांचे स्वतंत्र केंद्र बनले. विनोदी संवाद, टोपणनावांनी लिहिलेली पत्रे, कोपरखळ्या आणि नगरपालिकेपासून गव्हर्नरापर्यंत सर्वांची खबर घेणारी टिपणे हा अशा पत्रांचा नेहमीचा मजकूर असे.

पंच हे नाव न घेताही उपरोधाचे शस्त्र वापरणारे लेखक या काळात अनेक झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ पासूनच्या 'निबंधमाले'ने मराठी गद्याला उपहासाची धार दिली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त प्रश्नोत्तरांच्या रूपाने पुराणकथांचा उलटा अर्थ लावून दाखविला. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले असता त्यांनी पाठविलेले नकाराचे पत्र उपरोधिक मराठी गद्याचा उत्तम नमुना मानले जाते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून स्त्रियांना दोष देणाऱ्या पुरुषांचे दोष त्यांच्याच पदरात घातले. ज्यांची बाजू दुबळी समजली जात होती, त्यांनी हसण्याचे हे शस्त्र हाती घेतल्यावर ते किती तीक्ष्ण होते, याची ही उदाहरणे होत.

कायद्याची चौकट

हे लेखन कोणत्या कायद्यांच्या छायेत चालले होते, हे पाहिल्याशिवाय त्याचे स्वरूप नीट उमगणार नाही. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापखान्याची नोंदणी आणि छापील मजकुरावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव बंधनकारक झाले. १८७० मध्ये दंडविधानात राजद्रोहाचे १२४ अ हे कलम घालण्यात आले. मार्च १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी खास कायदा झाला. त्यान्वये जिल्ह्याचा अधिकारी मुद्रकाकडून जामीन मागू शके, छापखाना जप्त होऊ शके आणि त्याविरुद्ध न्यायालयात दादही मागता येत नसे. इंग्रजी पत्रांना हा कायदा लागू नव्हता. तोपर्यंत बंगालीतही निघणारी कलकत्त्याची 'अमृत बझार पत्रिका' त्यामुळे एका आठवड्यात पूर्णपणे इंग्रजी झाली. पळवाटीचा हा प्रकार स्वतःच एक जिवंत व्यंगचित्र होते. लॉर्ड रिपन यांच्या काळात, १८८२ मध्ये, हा कायदा रद्द झाला.

त्याच वर्षी कोल्हापूरच्या महाराजांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल लिहिल्यावरून टिळक आणि आगरकर यांच्यावर तेथील दिवाणांच्या अब्रूनुकसानीचा खटला झाला. दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांची जी हकीकत लिहिली, तीत तुरुंगाच्या हालांकडेही खेळकर नजरेने पाहिले आहे.

१८९७ चे वर्ष अधिक कठीण निघाले. दुष्काळ आणि प्लेग यांनी प्रांत गांजला होता. शिवाजी महाराज आजच्या देशस्थितीकडे पाहून बोलत आहेत, अशा कल्पनेवर रचलेली एक कविता 'केसरी'त जूनमध्ये आली. २२ जून रोजी पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा १२४ अ कलमातील शब्दाचा अर्थ ज्यूरीला समजावून दिला. सहा युरोपियन ज्यूरर एका बाजूस आणि तीन हिंदी ज्यूरर दुसऱ्या बाजूस, अशा मताधिक्याने टिळक दोषी ठरले आणि त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. मराठी जाणणाऱ्या माणसाला ऐतिहासिक पुरुषाच्या तोंडून बोलण्याची ही रीत पोवाड्यांपासून ओळखीची होती. पण न्यायालयापुढे होते ते तिचे इंग्रजी भाषांतर. प्रजेने राज्यकर्त्यांवर प्रेमच केले पाहिजे, असा अर्थ कायद्याला जडल्यावर उपरोधाला विषयांची वाण पडण्याचे कारण उरले नाही. पुढील वर्षी, १८९८ मध्ये, या कलमाचे शब्द अधिक व्यापक करण्यात आले.

'काळ'कर्त्यांची वक्रोक्ती

त्याच १८९८ च्या मार्च महिन्यात शिवराम महादेव परांजपे यांनी पुण्यात 'काळ' हे साप्ताहिक सुरू केले. संस्कृत साहित्याचा गाढ व्यासंग असलेल्या परांजप्यांनी वक्रोक्तीला राजकारणात आणले. त्यांची रीत थोडक्यात अशी सांगता येईल : ज्याची निंदा करावयाची त्याची भरभरून स्तुती करावयाची आणि स्तुतीची कारणे अशी द्यावयाची की, वाचकाला ती वाचताना लाज वाटावी. केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेले एक उदाहरण घ्यावयाचे झाले तर, दुष्काळाच्या वर्षी लेखक म्हणेल की, देशातून अजीर्णाचा विकार समूळ नाहीसा झाल्याबद्दल प्रजेने सरकारचे आभार मानावेत. या वाक्यात शब्दशः पाहिले तर आक्षेपार्ह काहीही नाही. त्यात कृतज्ञता आहे, प्रकृतीची काळजी आहे. उपाशी पोट कोठेही लिहिलेले नाही. ते वाचकाच्या मनात उभे राहते आणि तेथे ते उभे करण्याचे काम वाचक स्वतः करतो.

उपरोधाचे बळ या वाचकाच्या सहभागात असते. सरळ टीका वाचकाला मत देते. उपरोध त्याच्याकडून मत घडवून घेतो. म्हणूनच तो स्मरणात अधिक काळ राहतो. परंतु याच कारणाने तो गुन्हा म्हणून सिद्ध करणे सरकारला अवघड जाई. शब्दांवर बोट ठेवता येत नसे आणि हेतूवर बोट ठेवावे, तर आभाराच्या वाक्यातून निंदा आपल्यालाही दिसली, अशी कबुली सरकारलाच द्यावी लागे. 'काळ' दहा वर्षे या कसरतीवर चालला. अखेर १९०८ मध्ये परांजप्यांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली आणि १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यानंतर 'काळ' बंद पडला. त्यातील निवडक निबंधांचे खंडही सरकारजमा झाले. हेच परांजपे १९२९ मध्ये बेळगाव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

पाळत आणि जतन

या सर्व लेखनावर सरकारचे लक्ष कसे असे? मुंबई सरकारने १८६८ पासून देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक गोषवारे तयार करण्यास आरंभ केला. मराठी, गुजराती, कन्नड, उर्दू, सिंधी अशा भाषांतील पत्रे वाचून त्यांतील महत्त्वाच्या उताऱ्यांचा सारांश किंवा अनुवाद इंग्रजीत करावयाचा आणि तो मोजक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे गोपनीय म्हणून पाठवावयाचा, असे हे काम होते. ते करणारे लोक बहुधा याच मातीतले, भाषांचे जाणकार पदवीधर होते.

त्यांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. 'रावसाहेबांची कृपा' या शब्दांचा अनुवाद सहज करता येतो. ते म्हणताना लेखकाने मिटलेला डोळा अनुवादात उतरत नाही. म्हणून भाषांतरकाराला कित्येकदा मूळ मजकुराशेजारी 'हे उपरोधाने म्हटले आहे' अशा अर्थाची पुस्ती जोडावी लागे. भारुडातील विंचू म्हणजे कोण, हे गावातील श्रोत्याला विचारावे लागत नसे. मुंबईच्या सचिवालयात मात्र ते कंसात लिहून द्यावे लागे. अशा कंसातील खुलाशांवर माणसांचे स्वातंत्र्य अवलंबून असे. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपल्या बचावाच्या भाषणात सरकारी भाषांतरांतील चुकांचा दीर्घ परामर्श घेतला, तो यामुळेच.

काळाने या प्रकरणाला एक अनपेक्षित कलाटणी दिली आहे. त्या काळच्या कित्येक लहान पत्रांचे अंक आज मिळत नाहीत. कागद हलका होता, वर्गणीदार थोडे होते, वाळवी आणि पाऊस यांनी आपले काम केले. पण त्यांतील मजकुराचा सारांश सरकारी गोषवाऱ्यांत शिल्लक राहिला. मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आणि अन्य अभिलेखागारांत हे गोषवारे अभ्यासकांना पाहता येतात. ज्या कचेरीने या पत्रांवर पाळत ठेवली, तिनेच त्यांची आठवण जतन केली. अर्थात तेथे उरला आहे तो इंग्रजी सारांश. मराठी वाक्याचा ठसका त्यात नाही. तो हवा असेल, तर मूळ अंकच शोधावा लागतो.

हसण्याचे बळी

उपरोधाचा हा इतिहास केवळ शौर्याचा म्हणून सांगणे अपुरे ठरेल. जे शस्त्र सत्तेवर चालले, तेच अनेकदा सुधारकांवर आणि दुबळ्यांवरही चालले. स्त्रीशिक्षण, विधवाविवाह, संमतिवय हे त्या काळी विनोदी लेखकांचे आवडते विषय होते. शिकलेली स्त्री म्हणजे घर मोडणारी, असे चित्र रंगविणारे नारायण बापूजी कानिटकर यांचे 'तरुणी शिक्षण नाटिका' हे नाटक १८८६ चे. पुण्यात सनातनी मंडळींनी आगरकरांची ते हयात असताना प्रेतयात्रा काढली. हेही एक रस्त्यावरचे व्यंगचित्रच होते, पण ते एका माणसाला त्याच्या विचारांबद्दल छळण्यासाठी काढलेले होते. ठाण्याच्या 'हिंदू पंच'लाही अखेर परकीय सत्तेपेक्षा स्वकीयाशी झालेला तंटा भोवला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावर केलेल्या मजकुराबद्दल त्यांनी १९०९ मध्ये या पत्रावर अब्रूनुकसानीचा दावा आणला, आणि त्यानंतर ते पत्र टिकले नाही.

वर पाहणारे हसू आणि खाली पाहणारे हसू यांतील फरक या उदाहरणांवरून स्पष्ट होतो. अधिकार असलेल्याला हसणे आणि ज्याला उत्तर देण्याचे साधन नाही त्याला हसणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढे १९०२ पासून श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' या लेखमालेत स्वतःलाही विनोदाचा विषय करून समाजातील खुळ्या समजुतींवर लिहिले आणि मराठी विनोदाला निराळे वळण लागले.

सीमेपलीकडचा वाचक

देगलूर आणि सारा मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश मुलखातील वृत्तपत्रविषयक कायदे येथे जसेच्या तसे लागू नव्हते. पण त्यामुळे मोकळीक होती असे नव्हे. येथे सरकारी हुकूम हाच कायदा होता. दरबाराची भाषा आधी फारसी आणि १८८० नंतरच्या दशकात उर्दू झाली. बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी होती. सरकारी कागद वाचून घेण्यासाठी लोकांना दुसऱ्याचे तोंड पाहावे लागे, म्हणजे भाषांतराचा प्रश्न येथे रोजच्या जगण्यातच होता. रेल्वे नांदेडपर्यंत आली ती १९०० च्या सुमारास, आणि देगलूर तिच्या मार्गावर नव्हते. हैदराबादेत मराठी वाचकांना एकत्र आणणारी भारत गुणवर्धक संस्था १८९५ मध्ये स्थापन झाली. लक्ष्मणराव फाटक यांचे 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक हैदराबादहून निघाले ते १९२० मध्ये. पुण्या-मुंबईत मराठी पत्रसृष्टी बहराला येऊन चाळीस-पन्नास वर्षे लोटली होती.

छापील पत्र नव्हते, तेव्हाही टीका मुकी नव्हती. बहुरूप्याचे सोंग, गोंधळ्याची बतावणी आणि भारुडातील टोला हीच जनसामान्यांची 'पंच' पत्रे होती. त्यांना नोंदणी लागत नव्हती, जामीन लागत नव्हता आणि त्यांचे गोषवारे कोणी काढीत नव्हते. त्यामुळे ती जप्तही झाली नाहीत आणि कोठे जतनही झाली नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला. पण मधल्या काळात सोंगे-बतावण्यांतून लोक कोणाला काय बोलले, याची लेखी नोंद फारच थोडी उरली आहे.

यावरून काही कर्तव्ये सहज सुचतात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि परभणीचे गणेश वाचनालय १९०१ पासून कार्यरत आहे. अशा जुन्या वाचनालयांत, मठांत आणि घराघरांतील पेट्यांत जुन्या नियतकालिकांचे सुटे अंक अजूनही सापडण्यासारखे आहेत. रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची यादी व्हावी आणि जमेल तेथे छायाप्रती घेतल्या जाव्यात. वृद्ध भारुडकारांकडून, बहुरूप्यांकडून जुन्या बतावण्या ध्वनिमुद्रित करून घेणे हे आज फारसे खर्चाचे काम राहिलेले नाही. ते करताना बतावणीसोबत तिच्यातील खोच कोणाला उद्देशून होती, हेही सांगणाऱ्याच्या शब्दांत टिपून ठेवावे. खोच कळणारी पिढी गेली की मागे उरतात ते नुसते शब्द, आणि नुसत्या शब्दांवरून अर्थ लावताना त्या काळचा सरकारी भाषांतरकार कोठे चुकला, हे आपण पाहिलेच आहे.

शाळांतूनही इतिहास शिकविताना 'हिंदी पंच'चे एखादे चित्र वर्गात दाखवून मुलांना एवढेच विचारावे : यात कोण कोणाला काय म्हणत आहे आणि ते सरळ का म्हणत नाही? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात १८७० पासूनच्या कायद्यांचा, खटल्यांचा आणि तुरुंगवासांचा सारा इतिहास येऊन जातो. देगलूरच्या एखाद्या मुलाने आजीकडून भारूड ऐकलेले असेल, तर त्याला ते उत्तर इतरांपेक्षा लवकर सापडेल.